बुऱ्हाणपूरला जाताना पाणी सोबत घ्या

भुसावळहून इटारसीकडे जाणाऱ्या गाडीत बसा. सावदा, निंभोरा, रावेर अशी स्टेशनं मागे पडत जातात. वाघोड्यानंतर कधीतरी महाराष्ट्र संपतो, केळीच्या बागा मात्र संपत नाहीत. उतरायचं ते लालबागेत, कारण बुऱ्हाणपूरचं स्टेशन गावाबाहेर या भागात आहे. तिथून रिक्षा करा, रिक्षावाल्याला राजघाट सांगा आणि मनाशी वर्ष धरा १६१०.

शनवारा दरवाजापाशी पहिला फरक जाणवेल. दरवाजा दिसणारच नाही. हा तट निजाम आसफजाहाने १७३१ मध्ये घातला, म्हणजे तो उभा राहायला अजून एकशे एकवीस वर्षं आहेत. रस्ता मातीचा, दोन्ही बाजूंना गवताने शाकारलेली घरं, वाटेत बैलांचे तांडे. पायी चालत नदीवर या.

समोर तापी. डोक्यावर किल्ल्याची भिंत, नदीच्या काठावरून सरळ वर चढलेली. हा वाडा फारुकी सुलतानांचा, पंधराव्या शतकातला. सुफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या नावाने हे गाव वसवणारे ते हेच. पलीकडच्या काठावरचं झैनाबाद दुसऱ्या संताच्या, झैनुद्दीनांच्या नावाने. दोन्ही संतांच्या कबरी आपल्या खुलताबादेत आहेत. १६०० मध्ये अकबराने बुऱ्हाणपूर घेतलं, पुढच्या वर्षी असीरगड पडला, आणि फारुकींचा दोनशे वर्षांचा संसार संपला. आता वाड्यात मुघल राहतात.

पण तुम्ही वाडा बघू नका, पाण्यात बघा. पात्रात एक दगडी हत्ती आहे. कपाळ लाल रंगवलेलं, लोक त्याला हात जोडतात. काठावर विल्यम फिंच नावाचा इंग्रज व्यापारी उभा आहे आणि कुणीतरी त्याला गोष्ट सांगतंय. एक जिवंत हत्ती पाणी प्यायला आला, समोर हा दिसला, तो खराच वाटला, धावून गेला आणि दोन्ही सुळे मोडून बसला. फिंचने हे लिहून ठेवलंय. त्याच्याच वहीत आणखी एक नोंद आहे, ती तुमच्या कामाची: शहर फार मोठं पण गलिच्छ, सखल जागी वसलेलं, रोगट, आणि रोगांचं मुख्य कारण वाईट पाणी. तेव्हा घाटावर ओंजळ भरायचा मोह आवरा. बाटली पिशवीतच राहू द्या, फक्त बाहेर काढून दाखवू नका.

एवढी नदी उशाला असून शहर तहानलेलं. यावर उपाय निघाला तो पाहायला पाच वर्षं पुढे या आणि नदीकडे पाठ करून सातपुड्याच्या दिशेने चाला.

१६१५. सुभ्याचा कारभार पाहिलेला अब्दुल रहीम खानखानान, म्हणजे शाळेच्या हिंदी पुस्तकातले दोह्यांचे रहीम, यांच्या आश्रयाने एक इराणी जाणकार इथे काम करतोय. नाव तबकुतुल अर्ज. त्याने हेरलं की सातपुड्यात मुरलेलं पावसाचं पाणी जमिनीखालून तापीकडे वाहतं. ते नदीला मिळण्याआधी वाटेतच अडवायचं. त्यासाठी एका ओळीत विहिरी खणायच्या आणि खालून त्या बोगद्याने एकमेकींना जोडायच्या. बोगद्याला उतार इतका बेताचा की पाणी आपल्या पायाने शहरापर्यंत चालत यावं. मोट नको, रहाट नको, बैल नकोत.

एखाद्या कुंडीत उतरून पाहा. वरून ती साध्या गोल विहिरीसारखी दिसते. खाली गेलात की उन्हाचा चटका संपतो, पायांना गार पाणी लागतं, दोन्ही बाजूंना अंधारात शिरलेला बोगदा आणि पुढे ठरावीक अंतरावर वरून पडलेला उजेडाचा एकेक गोळा. या कुंड्या हवा-उजेडासाठी आहेत, गाळ काढायला उतरण्यासाठीही. अशा शंभरावर कुंड्यांची ही माळ म्हणजे कुंडी भंडारा. मूल भंडारा, सुखा भंडारा, चिंताहरण ही तिची भावंडं. तुमच्या काळात येईपर्यंत इथल्या भिंतींवर चुनखडीचे पांढरे थर चढलेले असतील, पण आत्ता दगडावर छिन्नीचे ताजे घाव आहेत. हे पाणी खुशाल प्या.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात वाड्यावर एक गंमत आहे, ती चुकवू नका. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सुरतेहून अजमेरला जहांगीराकडे निघालाय आणि वाटेत शहजादा परवेझला भेटायला थांबलाय. दरबारात कुर्निसातीवरून घासाघीस होते. मी वकील आहे, नोकर नाही, म्हणून रो वाकायला तयार नाही. अखेर परवेझ म्हणतो, नंतर खाजगीत बोलू. रो वाट बघत बसतो. पण त्याने दिलेल्या नजराण्यात दारूच्या बाटल्यांची पेटी होती. शहजाद्याने ती आधी उघडली आणि खाजगी भेट बारगळली. पुढे रोला इथेच तापाने गाठलं. फिंचची वही त्याने वाचायला हवी होती.

आता सोळा वर्षं पुढे. इथे जरा जपून, कारण हा काळ पाहवणार नाही.

खानजहान लोदी या मुघल सरदाराचं बंड आणि दक्षिणेची मोहीम यांसाठी शाहजहान १६३० पासून बुऱ्हाणपुरात तळ देऊन आहे. त्याच साली पाऊस रुसला आणि गुजरात-दख्खनमध्ये दुष्काळ पडला. सुरतेहून आग्र्याला जाणारा इंग्रज व्यापारी पीटर मंडी त्या हिवाळ्यात याच रस्त्याने आला, तेव्हा वाटेवर प्रेतं पडलेली होती. बादशहाचा स्वतःचा बखरकार अब्दुल हमीद लाहोरी लिहितो की बकऱ्याचं म्हणून कुत्र्याचं मांस विकलं जात होतं आणि पिठात हाडांची भुकटी मिसळत होते. दरबारी माणूस इतकं कबूल करतो, तेव्हा खरं काय असेल याचा अंदाज करा. शहरात लंगर उघडलेत. दर सोमवारी पाच हजार रुपये वाटले जातात. वाटपाच्या रांगेच्या शेवटी उभे राहा आणि पुढे किती माणसं आहेत ते बघा, म्हणजे पाच हजारांची किंमत समजेल.

याच शहरात, याच उन्हाळ्यात, वाड्याच्या आत मुमताजमहल चौदाव्या बाळंतपणात आहे. १७ जून १६३१. मुलगी झाली, गौहरआरा, ती जगली. आई गेली. वय अडतीस. आज गाईड तुम्हाला वाड्यातला हमाम दाखवतात, छतावरची रंगीत नक्षी दाखवतात आणि मुमताज इथे न्हायची असं सांगतात. नक्षी पाहण्यासारखी आहे, मान दुखेपर्यंत पाहावी. पण बायकोच्या माघारी आठवडाभर लोकांना दर्शन न देणारा बादशहा याच भिंतींच्या आड कुठेतरी होता, ही गोष्ट मला त्या नक्षीहून मोठी वाटते.

दफन पलीकडे, झैनाबादच्या आहूखान्यात, म्हणजे हरणं राखलेल्या शाही बागेत. वाड्याच्या सज्जातून तो काठ समोर दिसतो. डिसेंबरात शहजादा शुजाच्या देखरेखीखाली शव आग्र्याला निघालं. ताजमहाल इथेच तापीकाठी व्हायचा होता, पण मातीला वाळवी होती, संगमरवर आणणं परवडेना, असं गावात कुणीही सांगेल. सांगू द्या. राजधानी सोडून बादशहाने आपलं सर्वस्व सुभ्याच्या गावी पुरलं असतं, असं मला वाटत नाही.

शुजाची स्वतःची बायको बिल्किस बेगम १६३४ मध्ये इथेच बाळंतपणात गेली. तिची खरबुजाच्या फाकांसारखी कबर उतावळी नदीच्या अंगाला आहे. जवळच रहीमचा मुलगा शाहनवाजखान. त्याच्या मकबऱ्याला लोक काळा ताजमहाल म्हणतात. दक्षिणेत जायला निघालेल्यांच्या घरची माणसं या गावाने अशी ठेवून घेतली.

मिर्झाराजा जयसिंगही त्यातलाच. पुरंदरचा तह करून आपले तेवीस किल्ले घेणारा हा माणूस विजापूरच्या मोहिमेत फसला, मर्जीतून उतरला आणि परत जाताना २८ ऑगस्ट १६६७ रोजी इथे मेला. मोहना आणि तापीच्या संगमावर त्याची छत्री आहे. आपल्याकडच्या सहली तिथवर जात नाहीत. जायला हव्यात.

तुम्ही मराठी वाचक, म्हणजे तुम्हाला घाई असणार ती १६८१ ची. या, जानेवारीचा शेवट आहे. रायगडावर संभाजी महाराजांचा राज्याभिषेक होऊन पंधरा दिवस झालेत आणि त्यांचे सेनापती हंबीरराव मोहिते शहराच्या दाराशी आहेत. लूट होते ती मुख्यतः बहादूरपुऱ्यात. सराफ, सावकार, कापडवाले तिथेच राहतात. तीन दिवस. मुघल अधिकाऱ्यांची बाहेर यायची छाती होत नाही. तिसऱ्या दिवशी घोडे लादून फौज साल्हेरच्या दिशेला निघून जाते. शाळेत आपण इथे धडा संपवतो. तुम्ही थांबा, कारण गावाला चौथा दिवसही असतो.

जामा मशिदीत जा. मौलवी आणि प्रतिष्ठित मंडळी जमलीत. ते बादशहाला अर्ज लिहिताहेत: आमच्या जिवाची, अब्रूची राखण होणार नसेल तर आम्ही जुम्म्याचा नमाज बंद करू. खुतब्यात ज्याचं नाव वाचायचं त्यालाच हा इशारा. ते लिहीत असताना तुम्ही भिंतीकडे बघा. राजा अलीखान फारुकीने ही मशीद १५९० च्या सुमाराला पुरी केली, तेव्हा अरबी लेखाबरोबर संस्कृत लेखही कोरवला. त्यात राजघराण्याची वंशावळ आहे, शके १५११ आहे, तिथी आणि वारसुद्धा. पंचांग बघून मशिदीचा मुहूर्त नोंदवणारा सुलतान! अक्षरं हाताला लागतील इतकी स्पष्ट आहेत, पण आत्ता हात लावू नका, लोक चिडलेले आहेत.

औरंगजेब नोव्हेंबरात आला. तरुणपणी सुभेदार असताना हे गाव त्याच्या पायाखालचं. झैनाबादच्या बागेत गायिका हिराबाईवर त्याचा जीव जडला होता तो १६५३ च्या आसपास. आता वय त्रेसष्ट, सोबत अख्खा दरबार. काही महिने तो इथे राहिला आणि १६८२ मध्ये औरंगाबादेला गेला. उत्तर हिंदुस्थान त्याला पुन्हा दिसला नाही. पंचवीस वर्षांनी तो मेला तो नगरला.

पुढचं भराभर उलटा. १७६० ला उदगीरच्या लढाईनंतर बुऱ्हाणपूर मराठ्यांकडे, मग शिंद्यांकडे, ऑक्टोबर १८०३ मध्ये कर्नल स्टीव्हन्सनची फौज, १८६० ला कायमचे इंग्रज. राज्यं बदलली, कापड बदललं नाही. फ्रेंच प्रवासी तॅव्हर्निए सतराव्या शतकात इथे आला तेव्हा गाव त्याला बरंच मोडकळीला आलेलं दिसलं, पण इथली तलम, आरपार दिसणारी वस्त्रं इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड आणि कैरोला जात होती. ही तापीच पुढे सुरतेच्या समुद्राला मिळते, पण माल नदीतून जात नव्हता. तो बैलांच्या पाठीवरून जायचा.

आता स्वतःच्या सालात परत या. शनवारा दरवाजा जागेवर असेल. गल्लीत शिरलात की पॉवरलूमचा खटखटाट सुरू होतो, शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. कपडा जाडाभरडा आहे, पोलंडच्या सरदारणी मागे लागणार नाहीत, पण गावाची चूल त्यावर पेटते. कुंडी भंडाऱ्यात पाणी अजून वाहतं आहे, आणि २०२४ मध्ये ते युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेलं. दगडी हत्ती पाण्यात आहे.

भूक लागली असेल तर मावा जलेबी घ्या. मुंबईकरांना ती मोहम्मद अली रोडवर मिळते, पण घर तिचं हे. काळसर, जाड, पाकात बुडून जड झालेली. दुकानदार किलोवर आणायला बघेल. पाव किलोच्या वर घेऊ नका, दोन माणसांना ती रात्रीपर्यंत पुरते.