छेदनापासून उद्दीपनापर्यंत : मंत्रचळावरील शस्त्रोपचारांचा इतिहास आणि रुग्णाची संमती

प्रस्तावना

एकच शंका वारंवार मनात येणे आणि ती शमविण्यासाठी हात धुणे, कुलूप तपासणे यांसारखी कृती पुनःपुन्हा करावी लागणे, या विकारास मानसशास्त्रात कल्पना-क्रिया अनिवार्यता विकृती म्हणतात; बोलीभाषेत तो मंत्रचळ होय. आपली शंका निरर्थक आहे हे बहुतेक रुग्णांना कळते, तरी ती टाळता येत नाही. म्हणजेच उपचाराविषयी निर्णय घेण्याची त्यांची क्षमता बहुधा शाबूत असते. म्हणून या विकारावरील शस्त्रोपचारांचा इतिहास हा रुग्णाच्या निर्णयाधिकाराचाही इतिहास आहे, अशी मांडणी प्रस्तुत लेखात केली आहे.

छेदनाचा कालखंड

१९३५ मध्ये लिस्बन येथे एगास मोनिझ यांनी शल्यविशारद आल्मेदा लिमा यांच्या साहाय्याने विविध मनोविकारांसाठी मेंदूच्या अग्रखंडातील तंतू तोडण्याच्या शस्त्रक्रियेस आरंभ केला. १९३६ मध्ये वॉल्टर फ्रीमन व जेम्स वॉट्स यांनी ती अमेरिकेत नेली. १९४९ मध्ये मोनिझ यांना नोबेल पारितोषिक मिळाले. परिणामकारक औषधे नव्हती आणि मनोरुग्णालये तुडुंब भरलेली होती, ही त्या काळाची पार्श्वभूमी होय. तथापि अनेकांचे व्यक्तिमत्त्व कायमचे बदलले आणि पुष्कळदा रुग्णाची संमती घेतलीच गेली नाही. पुढे जाँ तालेराक व लार्स लेक्सेल यांनी हा छेद इंटर्नल कॅप्सूल या तंतुपट्ट्यापुरता मर्यादित केला. हानी घटली, परंतु केलेला छेद मागे घेता येत नव्हता.

शस्त्राविना उपचार

१९६६ मध्ये लंडनमधील व्हिक्टर मायर यांनी दोन रुग्णांवर वेगळी पद्धत अवलंबिली. ज्याची धास्ती वाटते त्यास रुग्णाने सामोरे जावे, मात्र नेहमीची कृती करू नये, हे तिचे सूत्र होते. १९६७ मध्ये स्पेनमधून क्लोमिप्रामिन या औषधाच्या उपयुक्ततेचे वृत्त आले. १९८९ मध्ये अमेरिकेत त्यास या विकारासाठी मान्यता मिळाली. यामुळे शस्त्रक्रियेचा विचार अन्य उपचार निष्फळ ठरलेल्या, तीव्र विकाराच्या मोजक्या रुग्णांपुरता उरला.

उद्दीपनाचा कालखंड

१९८७ मध्ये ग्रनोब्ल येथे आलीम-लुई बेनाबिद यांनी कंपविकारासाठी मेंदूतील थॅलॅमसला इलेक्ट्रोडद्वारे सतत विद्युत उद्दीपन दिले. बेल्जियममधील बार्ट न्यूटीन व सहकाऱ्यांनी हे तंत्र मंत्रचळाच्या चार रुग्णांवर वापरले. १९९९ च्या त्यांच्या अहवालानुसार तिघांना लाभ झाला. ज्या कॅप्सूलमध्ये पूर्वी छेद केला जात असे, तेथेच आता बंद करता येणारा प्रवाह दिला गेला. याचा आणखी एक लाभ असा की, उद्दीपन चालू व बंद ठेवून परिणामांची तुलना शक्य झाली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधील चाचणीत १६ रुग्ण होते. येल-ब्राउन मापनश्रेणीवर लक्षणांची तीव्रता उद्दीपन चालू असता सरासरी १९, तर बंद असता २८ आढळली. मात्र एका रुग्णाच्या मेंदूत रक्तस्राव झाला. प्रवाह थांबविता येतो. इलेक्ट्रोड बसविताना झालेली इजा नव्हे.

२००९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या उपकरणास मानवतावादी सवलतीखाली परवानगी दिली. या सवलतीत परिणामकारकतेचा नेहमीइतका पुरावा लागत नाही. २०११ मध्ये काही तज्ज्ञांनी तीवर जाहीर आक्षेप घेतला. त्यांत स्वतः न्यूटीनही होते. कवटीबाहेरून चुंबकीय उद्दीपन देणाऱ्या उपकरणास २०१८ मध्ये तेथेच मान्यता मिळाली. त्यास शस्त्रक्रिया लागत नाही.

समारोप

छेदनाकडून उद्दीपनाकडे झालेला प्रवास ही निश्चितच प्रगती आहे. परंतु मोनिझ यांच्या काळातही नवे तंत्र प्रगतीच मानले गेले होते, हे विसरता येत नाही. भारताच्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मधील कलम ९६ नुसार मनोशल्यक्रियेसाठी रुग्णाची माहितीपूर्ण संमती आणि मंडळाची मान्यता अशा दोन्ही अटी आवश्यक आहेत. असह्य त्रासाने गांजलेला रुग्ण कोणत्याही उपायास होकार देण्याची शक्यता असते. म्हणूनच केवळ त्याच्या होकारावर विसंबून न राहता पुराव्याची आणि त्रयस्थ परीक्षणाची जोड त्यास देणे, हाच या इतिहासाचा बोध होय.