दप्तर कुणाच्या घरी?

राहुरी तालुक्यातल्या शेतकऱ्याची कागदांसाठी निदान तीन कचेऱ्यांशी गाठ पडते. जमिनीचा सातबारा तलाठ्याकडे, घराचा नमुना आठ ग्रामपंचायतीत, आणि मुळेच्या कालव्याचं पाणी हवं असेल तर नमुना नंबर सातचा अर्ज पाटबंधारे खात्याकडे. त्यात तलाठ्याकडे आणखी एक ‘आठ-अ’ असतो, तो वेगळाच. नवखा माणूस हमखास चुकीच्या दारात उभा राहतो.

एके काळी दार एकच होतं. गावचं दप्तर कुलकर्ण्याच्या घरी असे, आणि घरी म्हणजे खरोखरच घरी. मोडीत लिहिलेले कागद चौकोनी कापडात बांधून ठेवत. त्या गाठोड्यालाच रुमाल म्हणत. गावचा मुख्य पाटील. वसुलीची जबाबदारी त्याची, पोळ्याच्या बैलांचा पहिला मानही त्याचा. पण कुणाकडून किती आलं आणि कुणाची बाकी राहिली, हे लिहिणारा हात कुलकर्ण्याचा. लिहिता न येणारा पाटील सहीच्या जागी नांगराची निशाणी करी. त्या निशाणीच्या वर काय लिहिलंय, ते कुलकर्णी वाचून दाखवील तेवढंच खरं.

शिवेचा वाद उठला की महाराच्या साक्षीला मोल येई. वसुलाची रक्कम तालुक्याला पोचवणं, सरकारी सांगावे, आल्यागेल्या अंमलदाराची सरबराई, सगळं त्याच्याच अंगावर. मोबदल्यातलं वतन तुटपुंजं आणि राबणूक बारमाही. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात या वतनाविरुद्ध विधेयक मांडलं. ते मोडलं मात्र १९५८च्या कायद्यानं.

राहुरीचा नगर जिल्हा १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला तरी हा गाडा त्यांनी फारसा हलवला नाही. फुकटात चालणारा कारभार कोण मोडेल? १८७४ साली तर वतनांसाठी स्वतंत्र कायदाच झाला. पुढच्याच वर्षी, मे १८७५ मध्ये, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतले कर्जरोखे ओढून काढून जाळले, आणि ते लोण नगर जिल्ह्यात पारनेर-श्रीगोंद्यापर्यंत पोचलं. लोकांचा मुख्य रोख कागदावर होता. सरकारनंही ते ओळखलं: १८७९च्या कायद्यानं शेतकऱ्यांचे दस्त नोंदवायला गावोगावी निबंधक आले. लिहिणाऱ्याच्या शेजारी प्रथमच दुसरा लिहिणारा बसला.

लोकांनी निवडलेला माणूस मात्र या कारभारात उशिरा आणि दबकत शिरला. व्हाइसरॉय रिपनच्या धोरणातून १८८४ साली जिल्हा आणि तालुका लोकल बोर्डं आली. शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड, त्यातून रस्ते, धर्मशाळा, शाळा. मतदार मोजके, सरकारनियुक्त सभासद भरपूर. त्याच्या आदल्याच वर्षी महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून कुलकर्ण्यांच्या लेखणीवर कोरडे ओढले होते. १९६८ साली स्थापन झालेल्या राहुरीच्या कृषी विद्यापीठाला फुल्यांचंच नाव आहे, हा योग नजरेआड करण्यासारखा नाही.

किनाऱ्यावर, रत्नागिरीकडे, चित्र निराळं होतं. तिथं सरकार आणि कूळ यांच्या मध्ये खोत बसलेला. आंबेडकरांनी १९३७ साली खोतीविरुद्ध विधेयक आणलं. खोती गेली १९४९च्या कायद्यानं. घाटावर शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात १९१८ सालीच कुलकर्णी वतन काढून पगारी तलाठी नेमले. राहुरीसारख्या मुंबई इलाख्यातल्या गावांना त्यासाठी १९५१चा मे उजाडावा लागला. पुढे महसुली पाटीलकीही १ जानेवारी १९६३ला संपली.

दरम्यान १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या. वसंतराव नाईक समितीचा हा आराखडा. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण. शाळा, दवाखाने, गावरस्ते निवडलेल्या सभासदांच्या हाती आले. पण दप्तर दुभंगलं. जमिनीची नोंद तलाठ्याकडे म्हणजे महसूल खात्यात राहिली, आणि ग्रामपंचायतीच्या ग्रामसेवकाच्या वाट्याला घरपट्टी, दिवाबत्ती, नळ.

राहुरीत तिसरी वाटणीही झाली, ती पाण्याची. भंडारदरा धरणामुळे प्रवरेच्या कालव्यांचं पाणी आधीच आलं होतं. मग बारागाव नांदूरला मुळा धरण झालं, २६ टीएमसीचं. ऊस वाढला, साखर कारखान्याभोवती राहुरी फॅक्टरी नावाची वस्तीच उभी राहिली. शेतकऱ्याच्या लेखी आता पंचायत समितीच्या सभापतीपेक्षा कालव्याचं पाणी सोडणारा पाटकरी जवळचा झाला. समिती विहिरीला अनुदान देऊ शके, पण कालव्याची पाळी एक दिवस अलीकडे आणणं तिच्या हातात नव्हतं. तालुक्याच्या राजकारणाचा जीव कारखाना आणि धरणाभोवती का घोटाळतो, ते यातूनच कळतं.

जुने रुमाल पुन्हा सुटले ते २०२३ साली. मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि राज्यभरच्या तहसिलांत अभिलेख कक्षांची कुलुपं निघाली. सर्वांत जास्त उलटलं गेलं ते गाव नमुना चौदा, जन्ममृत्यूचं रजिस्टर. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. अक्षर मोडी, कागद ठिसूळ, वाचणारे बोटांवर मोजण्याइतके. मोडी जाणकारांना मानधनावर बोलावावं लागलं, आणि टेबलापलीकडे बसलेली माणसं आपल्या पणज्याचं नाव कुणीतरी वाचून दाखवण्याची वाट पाहत राहिली.