गरोदरपणात बीपी वाढून झटके : जीव वाचवणारं इंजेक्शन कोणतं, आणि घरच्यांनी काय करायचं?

सातवा-आठवा महिना लागला की पायावर थोडी सूज येतेच, असं घरातल्या जुन्या बायका सांगतात. ते खोटं नाही. पण सूज तोंडावर, हातावर चढली, बांगड्या-जोडवी रुतायला लागली, डोकं ठणकतंय, डोळ्यापुढं काजवे चमकतात किंवा अंधुक दिसतं, पोटाच्या वरच्या भागात, बरगडीखाली दुखतं, लघवी कमी झाली, तर "अंगावर धरलंय" म्हणून गप्प बसू नये. त्याच दिवशी बीपी मोजून घ्यावं.

पाच महिने झाल्यावर बीपी १४०/९० किंवा त्याच्या वर गेलं आणि लघवीत प्रथिनं सापडली, तर डॉक्टर त्याला प्री-एक्लॅम्पसिया म्हणतात. १६०/११० म्हणजे गंभीर. यातच पुढं आकडी आली, म्हणजे झटके आले, की ते एक्लॅम्पसिया. कधी कधी सूज अजिबात नसते, बाई चालती-फिरती असते आणि बीपी मात्र वाढलेलं असतं. म्हणून दर तपासणीला बीपी आणि लघवी दोन्ही बघितलं पाहिजे. नुसतं वजन करून परत पाठवलं तर बीपी मोजायला सांगा, त्यात लाजायचं काही नाही.

झटके आल्यावर गावात पहिला संशय जातो बाहेरच्या बाधेवर. मग कुणी कांदा-चप्पल हुंगवतं, कुणी देवऋषाला बोलवायला पळतं. अर्धा-पाऊण तास तिथंच जातो, आणि तोच वेळ महागात पडतो. अशा वेळी बाईला डाव्या कुशीवर वळवायचं, आजूबाजूचं टोकदार सामान बाजूला करायचं आणि तोंडातला फेस पुसायचा. दातात चमचा घालू नका, पाणी पाजू नका, हातपाय दाबून धरू नका. एकानं लगेच १०८ ला फोन लावायचा. सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला नेण्या-आणण्यासाठी १०२ ची गाडी फुकट असते, पण झटके आलेले असताना १०८ च लावा.

यावरचं मुख्य औषध म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. दवाखान्यात त्याला 'मॅगसल्फ' म्हणतात. औषध जुनं आहे, स्वस्त आहे. २००२ साली 'मॅगपाय' नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ३३ देशांतल्या सुमारे १० हजार बायका त्यात होत्या. प्री-एक्लॅम्पसिया असलेल्या बाईला हे औषध दिलं तर झटके येण्याचा धोका निम्म्याहून कमी होतो, असं त्यात दिसलं. पहिला डोस उपकेंद्रातली नर्सबाईसुद्धा देऊ शकते : दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम, खोलवर. इंजेक्शन दुखतं, आग होते, त्यामुळे नातेवाईक कधी नर्सबाईंवरच चिडतात. चिडू नका, तो डोस देऊनच पुढं पाठवायचं असतं. मोठ्या दवाखान्यात पुढचे डोस दर चार तासांनी, बाळंतपणानंतर किंवा शेवटच्या झटक्यानंतर २४ तासांपर्यंत चालतात. प्रत्येक डोसाआधी गुडघ्यावर ठोकून बघतात, श्वास मोजतात, लघवी किती झाली ते मोजतात. औषध जास्त झालं तर श्वास मंदावू शकतो, आणि त्यावर उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट जवळ ठेवलेलं असतं.

बीपी खाली आणायला लॅबेटालॉल, निफेडिपिन, मिथाइलडोपा ही औषधं देतात. घरात सासऱ्यांची बीपीची गोळी आहे म्हणून तीच सुनेला देणं साफ चूक. एनालाप्रिल, टेल्मिसार्टनसारख्या गोळ्यांनी पोटातल्या बाळाच्या किडनीला इजा होते.

हा आजार मुळापासून जातो तो बाळंतपणानंतरच. म्हणून झटके आलेले असतील तर बाईची तब्येत सावरून लवकर बाळंतपण करतात, महिने भरायची वाट बघत नाहीत. सिझेरियनच होईल असंही नाही. दिवस कमी असतील तर बाळाच्या फुफ्फुसासाठी आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात.

बाळंतपण झालं म्हणजे सुटलो, असं समजून दुसऱ्याच दिवशी डिस्चार्जची घाई करणारे बरेच. झटके बाळंतपणानंतरही येतात, बहुतेक पहिल्या दोन दिवसांत, क्वचित त्याच्याही नंतर. बाळंतिणीचं डोकं दुखत असेल तर "जागरण झालंय" म्हणून सोडून देऊ नका.

पहिलटकरीण, जुळं, आधीच्या खेपेला बीपी वाढलेलं, शुगर किंवा किडनीचा त्रास असलेल्या बायकांना धोका जास्त. अशांना तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून डॉक्टर कमी डोसची अ‍ॅस्पिरिन सुरू करतात. ती डॉक्टरला विचारूनच घ्यायची. चौथ्या महिन्यापासून सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या कॅल्शियमच्या गोळ्या कपाटात पडू देऊ नका. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी असते.

माहेरी जाताना किंवा ऊसतोडीला निघताना माता-बाल कार्ड पिशवीत असू द्या. आधीचं बीपी किती होतं, हे नव्या ठिकाणच्या डॉक्टरला त्यावरूनच कळतं.