आवाजाची खुंटी

घरात गाणे किती मोठ्याने लावावे, हा प्रश्न वरवर शेजारधर्माचा वाटतो. परंतु त्याला इतिहास आहे, आणि त्या इतिहासाची एक वाट कारखान्यातून जाते.

चावीच्या ग्रामोफोनला आवाज कमीजास्त करण्याची खुंटीच नव्हती. बारीक सुई लावली की आवाज मऊ, जाड लावली की खणखणीत. १९०६ साली निघालेल्या 'व्हिक्ट्रोला' यंत्रात कर्णा कपाटात दडवलेला असे. आवाज कमी करायचा तर कपाटाची दारे लोटायची! पुढे विजेची यंत्रे आली, रेडिओ आला, आणि आवाज माणसाच्या बोटांत आला.

बोट मात्र कानाच्या हुकमाने चालते. १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन संशोधकांनी दाखवून दिले की, आवाज उतरवला म्हणजे कानाला खर्जाचे सूर अधिकच कमी ऐकू येतात. म्हणून हळू लावलेले गाणे पातळ वाटते आणि हात पुन्हा खुंटीकडे जातो. निरोगी कानाची ही गत. मग यंत्राने झिजलेल्या कानाची काय असेल?

माझे वडील मुंबईत गिरणीच्या साचेखात्यात होते. चाळीत आमचाच रेडिओ सर्वांत मोठ्याने वाजे. शेजारी कुरकुरत, आम्ही मुले ओशाळत असू. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. साचे थांबले, पण रेडिओचा आवाज काही उतरला नाही. तेव्हा आईच्या ध्यानात आले, की यांना ऐकूच कमी येते. आतल्या कानातील सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आधी बारीक ध्वनी जातात. माणसाचा आवाज कानी पडतो, शब्द कळत नाही.

पुढे मी युनियनच्या कामात पडलो. पगार, बोनस, महागाई भत्ता यांसाठी भांडलो; कानाची मागणी मात्र मी कधी पहिल्या पानावर घातली नाही. तो दोष माझा.

जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा: ८० डेसिबल आवाज आठवड्यास ४० तास चालेल; ९० झाला तर फक्त ४ तास. २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. घरगुती कसोटी याहून सोपी: हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागले, तर खुंटी मागे फिरवा.

आणि शेजारी रेडिओ मोठ्याने वाजत असेल, तर भांडण्यापूर्वी एकदा विचारा, "काका, आपण कामाला कुठे होता?"