झालं का हो?

मराठी माणूस आयुष्यात सर्वांत जास्त वेळा कोणता प्रश्न विचारतो, याची कुणी मोजदाद केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. पण गेली बावीस वर्षं बँकेच्या काउंटरच्या आतल्या बाजूला बसून मी एवढं खात्रीनं सांगू शकतो, की तो प्रश्न ‘मी कोण आहे?’ हा नव्हे. तो आहे, ‘झालं का हो?’ पासबुक दिलं, की झालं का हो? चेक टाकला, की झालं का हो? मी घरी दाढीला बसलो, की स्नानगृहाच्या दाराबाहेरून, अहो, झालं का?

या प्रश्नाला माझ्याकडे एकच उत्तर असतं. ‘सर्व्हर डाऊन आहे.’ हे वाक्य मी इतक्या वेळा उच्चारलं आहे, की एकदा शेजारच्या लग्नात जेवणाची पंगत का अडली म्हणून कुणी विचारलं, तेव्हाही माझ्या तोंडून तेच गेलं. आणि गंमत म्हणजे विचारणाऱ्याचं समाधान झालं!

परवा पुण्याहून भाचा आला होता. तो कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. त्यानं विचारलं, “मामा, सर्व्हर डाऊन म्हणजे नेमकं काय होतं, ठाऊक आहे का?” मी कॉमर्सचा पदवीधर. न समजणारी गोष्ट गंभीर चेहऱ्यानं ऐकून घेणं हे आमचं मुख्य शिक्षण. तो तासभर बोलला आणि शेवटी माझ्या लक्षात आलं, की यातलं निम्मं तर आमच्या बाबांना येत होतं.

बाबा खामगावात एका पतसंस्थेत लेजर सांभाळायचे. ही माझ्या लहानपणची, म्हणजे १९८५ च्या आसपासची गोष्ट. चार कारकून, चार टेबलं, आणि खाती आडनावाच्या पहिल्या अक्षरावरून वाटलेली. बाबांच्या वाट्याला ‘प’ आला होता. आमच्या बुलडाणा जिल्ह्यात ‘प’ वाट्याला येणं म्हणजे काय, ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. पाटील, पवार, पांडे, पुरी! त्यातही पाटील एवढे, की बाबांचं लेजर उघडायला दोन हात आणि मिटायला एक गुडघा लागे. शेजारच्या टेबलावर ‘ट’ ते ‘ण’. तिथले गृहस्थ रोज वर्तमानपत्र अग्रलेखासकट वाचायचे. ‘ण’चा तर संस्था स्थापन झाल्यापासून एकही खातेदार आला नव्हता.

बाबांसमोरची रांग दाराबाहेर जाऊ लागली, तेव्हा मॅनेजरसाहेबांनी तातडीनं उपाय केले. प्रथम बाबांना नवी खुर्ची दिली. मग आणखी एक कारकून नेमला, आणि त्याला बसायला जागा कुठे, तर ‘ट’ ते ‘ण’च्या टेबलाशी. आता वर्तमानपत्र वाचणारे दोघे झाले. रांग होती तिथंच.

शेवटी बाबांनी एका रविवारी बसून वाटणी मोडली. आडनाव सोडलं आणि खातेक्रमांकाचा शेवटचा आकडा धरला. शून्य आणि एक पहिल्या टेबलावर, दोन आणि तीन दुसऱ्यावर, अशी पाच टेबलांत दहा आकड्यांची वाटणी. पाटील पाची टेबलांवर सारखे पसरले आणि वर्तमानपत्र बंद पडलं. भाचा म्हणाला, “मामा, आमच्याकडे याला शार्डिंग म्हणतात. आणि मूळ वाटणी चुकली असताना नुसती मशीनं वाढवणं ही चूक लोक अजूनही करतात.” मी म्हटलं, “आमच्याकडे याला रविवार वाया घालवणं म्हणत. आई तरी तसंच म्हणायची.”

बाबांची आणखी एक सवय होती. व्हाउचर लेजरला चढवलं, की त्यावर लाल पेन्सिलीनं एक टिचकी. टिचकी असलेलं व्हाउचर पुन्हा हातात आलं, तरी पुन्हा चढवायचं नाही. ही टिचकी लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

मग कॉम्प्युटर आले. रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर रंगराजन यांच्या समितीचा बँकांच्या यांत्रिकीकरणाचा अहवाल १९८४ चा. आधी शाखेशाखेत लेजरची जागा यंत्रानं घेतली, आणि पुढं कोअर बँकिंग आलं तेव्हा सगळ्या शाखांची लेजरं उचलून दूर कुठंतरी एका ठिकाणी गेली. माझ्या टेबलावर उरला पडदा, आणि पडद्यावर गोल फिरणारं एक चक्र. तिकडे तरी एकच मशीन सगळं ओढतं असं नाही. मोठ्या कामाला पुष्कळ मशीनं जोडून त्यांच्यात खाती वाटून देतात. त्याला म्हणतात क्लस्टर. म्हणजे फिरून आपलं ते चार कारकून आणि चार टेबलं. फक्त चहा नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढी मशीनं असताना अडतं कुठं? तर त्याचं गणित कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत नोकरीला असलेल्या एर्लांग नावाच्या गृहस्थांनी मांडायला घेतलं. टेलिफोनच्या गर्दीवरचा त्यांचा पहिला निबंध १९०९ चा. त्याच वाटेनं पुढं गेलेलं गणित भाच्यानं माझ्या काउंटरला लावून दाखवलं. समजा, एका माणसाला मला सरासरी ३ मिनिटं लागतात, म्हणजे तासाला २० माणसं ही माझी शिकस्त. माणसं आपापल्या मर्जीनं, मागेपुढे येतात. तासाला १० आली, तर प्रत्येकाला सरासरी ३ मिनिटं थांबावं लागतं. १८ आली, तर २७ मिनिटं. आणि १९ आली, तर ५७ मिनिटं! अठराच्या जागी एकोणीस, एवढ्यानं वाट पाहणं दुप्पट होतं. वीस आली तर रांगेला अंतच नाही. मी बावीस वर्षं स्वतःला आळशी समजत होतो. वास्तविक मी एकोणिसाव्या माणसाचा बळी होतो.

पण खरी मौज यापुढेच आहे. थांबलेला माणूस नुसता थांबत नाही, तो विचारतो. ‘झालं का हो?’ याचं उत्तर द्यायलाही अर्धं मिनिट लागतं, आणि तेवढ्या वेळात आणखी दोघं विचारायला उभे राहतात. थोड्या वेळानं मी काम करणं सोडून ‘काम का होत नाही’ याचीच उत्तरं देत असतो.

हुबेहूब हेच १९८६ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत बर्कलेला घडलं. तिथली एक प्रयोगशाळा आणि विद्यापीठ, दोघांत अंतर ४०० यार्ड. म्हणजे आमच्याकडे पानाच्या टपरीवर जाऊन यायचं अंतर. मधल्या तारेवरून सेकंदाला ३२ हजार बिट जायचे, ते एकाएकी ४० वर आले. व्हॅन जेकबसन यांनी खोदून काढलं तेव्हा कळलं, की तार धडधाकट आहे. झालं असं होतं, की गर्दीमुळे पोच यायला उशीर होई, पोच नाही म्हणून मशीन तोच निरोप पुन्हा धाडी, त्यानं गर्दी वाढे, म्हणून पोच आणखी उशिरा येई.

यात अमेरिकेचं कौतुक आम्हांला वाटायचं कारण नाही. आमच्या राजूर घाटात हे केव्हाही पाहायला मिळतं. घाटाखालून बुलडाण्याला चढताना एक ट्रक बंद पडला, की मागचा म्हणतो, बघू तर काय झालं, आणि गाडी उजव्या अंगाला घालतो. त्याच्यामागे दुसरा. वरून उतरणाऱ्यांतही असेच जिज्ञासू असतात. अर्ध्या तासानं मूळचा ट्रक दुरुस्त होऊन उभा असतो, आणि त्याला जायला जागा नसते. जेकबसन यांनी १९८८ च्या निबंधात लिहिलेला उपाय कोणत्याही आजीनं सांगितला असता. पोच आली नाही, तर घाई वाढवू नका, कमी करा, आणि दर खेपेला आधीच्यापेक्षा जास्त थांबून मगच पुन्हा पाठवा.

दम धरणं मला स्वतःला किती जमतं, तेही सांगतो. मागल्या उन्हाळ्यात सासुरवाडीची सहा मंडळी घेऊन रसवंतीवर गेलो होतो. रस झाला, मोबाइल काढला, पैसे पाठवले. चक्र फिरू लागलं. सासरे बघतायत, मेहुणा बघतोय. मी मागे येऊन पुन्हा पाठवले. पुन्हा चक्र. तिसऱ्यांदा पाठवले. एवढ्यात रसवंतीवाल्याच्या डबीतली बाई ओळीनं तीनदा पैसे मिळाल्याचं ओरडली! लाल टिचकीची आठवण मला तेव्हा आली. तेच व्हाउचर मी तीनदा चढवलं होतं. रसवंतीवाला सज्जन, पण रोख परत द्यायला तयार नाही. म्हणाला, “साहेब, रस घ्या.” त्या दिवशी आम्ही सात माणसांनी एकवीस ग्लास रस प्यायलो. मेहुणा अजून त्या रस्त्यानं जात नाही.

पण अशी बोटं साऱ्या देशाची असतात. मोबाइलवरून पैसे पाठवायची यूपीआय ही सोय मुंबईच्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशननं २०१६ च्या एप्रिलमध्ये सुरू केली. मार्च २०२५ या एका महिन्यात तिच्यावर सुमारे १८३० कोटी व्यवहार झाले. आणि १२ एप्रिल २०२५ ला, शनिवारी, हनुमान जयंतीच्या दिवशी, ती काही तास अडखळली. कॉर्पोरेशननं कारण शोधलं, ते वाचून मी खुर्चीत उठून बसलो. काही बँकांची मशीनं ‘त्या व्यवहाराचं काय झालं?’ ही विचारणा लोंढ्यासारखी पाठवत होती, आणि तीही जुन्याच व्यवहारांची, फिरफिरून. म्हणजे या वेळी गर्दी पैशांची नव्हती. गर्दी ‘झालं का हो?’ची होती!

मग नियम झाले. अडकलेल्या व्यवहाराची चौकशी मशीननं तीनदाच करायची, तीही थांबून थांबून. आपण माणसांनीसुद्धा आपली शिल्लक एका अ‍ॅपवर दिवसाला ५० वेळाच पाहायची. माझी शिल्लक दिवसातून पन्नासदा पाहण्यासारखी कधीच नव्हती, तरी हा नियम मला फार आवडला. इतका, की मी तो काउंटरवर चालवायचं ठरवलं. आणि इथं माझी चूक झाली.

मोताळ्याकडच्या एका खेड्यातून एक काका यायचे. अतिवृष्टीचे पैसे खात्यात जमा व्हायचे होते. एक दिवसाआड एसटीनं यायचे, टोपी काढून काउंटरवर ठेवायचे आणि विचारायचे, “सायेब, आले काय जी पैसे?” मी नव्या ज्ञानाच्या तोऱ्यात होतो. म्हटलं, “काका, असं सारखं विचारल्यानं काम वाढतं. महिन्याभरानं या.” काकांनी मान हलवली. “बरं सायेब. तुमी म्हनता तं तसं.”

पैसे तिसऱ्या दिवशी आले. बँकेचा मेसेज गेला, पण खात्याला नंबर लावलेला होता मुलाचा, आणि मुलगा कामाला गेला तिकडे त्यानं तो नंबर केव्हाच बदललेला. काका माझा शब्द पाळून बरोबर एका महिन्यानं आले. मधल्या काळात पेरणी आली होती. बियाण्यासाठी त्यांनी गावातल्याच एकाकडून पैसे उचलले होते, शेकडा पाच रुपये महिना. त्यांचे स्वतःचे पैसे सत्तावीस दिवस माझ्या पडद्याच्या पलीकडे पडून होते. काका रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, “मले वाटलं, आले असते तं तुमी सांगतलं असतं.”

त्या रात्री भाच्याला फोन केला. तो म्हणाला, “मामा, तू नियमाचा अर्धाच भाग घेतलास. विचारू नको म्हणायचं असेल, तर झाल्यावर आपण होऊन सांगायची जबाबदारी घ्यावी लागते. नाहीतर समोरच्यानं काय करायचं?”

आता माझ्या ड्रॉवरमध्ये शंभर पानी वही आहे. कुणाचं काय यायचं आहे, तालुका कोणता, चालू असलेला मोबाइल नंबर कोणता. संध्याकाळी काउंटर मिटलं, की खाती बघतो, ज्याचे आले त्याला फोन करतो, आणि नावापुढे लाल पेन्सिलीनं टिचकी. साहेब म्हणतात, हे तुमचं काम नव्हे. खरं आहे. पण दुपारची रांग खांबापर्यंतच येते हल्ली, ती त्यांनी पाहिली आहे.

गेल्या आठवड्यात काकांचं पुन्हा काही यायचं होतं. चार दिवस झाले, आलं नव्हतं. सांगण्यासारखं काहीच नसताना फोन करावा की नाही, असा जरा विचार केला आणि केला. म्हटलं, “काका, अजून नाही आले.”

पलीकडे थोडा वेळ काही ऐकू आलं नाही. मग आवाज आला.

“बरं झालं सांगतलं सायेब. उद्या निघनारच होतो म्या.”