बगदादची अरबी आणि नगरची माती



आमच्या सावेडींत माझ्या शेजारचा एक मुलगा नोकरीसाठीं मस्कतला गेला आणि दोन वर्षांनीं सुटींत घरीं आला, तो कामापुरती अरबी शिकून. मला म्हणाला, "गुरुजी, तारीख, हिशेब, हुकूम, वकील हे आपले शब्द तिकडेहि ऐकूं येतात." मीं म्हटलें, "बाबा रे, ते तिकडचेच. इकडे येऊन मुरले." त्या बोलण्यावरून मला आमच्या नगरच्या इतिहासांतला एक विद्यार्थी आठवला. आमच्या शहराचें नांव २०२४ पासून अहिल्यानगर झालें आहे. परंतु हकीकत जुन्या निजामशाहीची असल्यानें मी ‘नगर’ असेंच म्हणतों.

त्याचें मूळ नांव चापू. इ. स. १५४८ च्या सुमारास हबसाणांत, म्हणजे आजच्या इथिओपियांत, तो जन्मला. लहानपणींच गुलाम म्हणून तो येमेनांतील मोखा बंदरीं विकला गेला, आणि तेथून बगदादेस पोंचला. तेथें मीर कासीम नांवाच्या व्यापाऱ्यानें त्याची बुद्धि ओळखून त्याला शिकविलें, मुसलमानी धर्म दिला व ‘अंबर’ हें नांव ठेविलें. विद्येसाठीं परदेशीं जाणाऱ्याला आपण स्टेशनावर हार घालतों. हा मुलगा गळ्यांत दोर घेऊन गेला होता. जी भाषा आईची नव्हे, ती त्यानें धन्याच्या घरीं आत्मसात् केली.

१५७० नंतर तो दक्षिणेंत आला. निजामशाहीचा पेशवा चंगीझखान यानें त्याला विकत घेतलें. (हा चंगीझखान मोंगोल नव्हे! माझे विद्यार्थी दर वर्षीं हा घोटाळा करीत.) हा पेशवाहि एके काळीं हबशी गुलामच होता. नगर दरबारचें लिहिणें फारसींत चाले, पण बाजार आणि शेत मराठी बोले. चांदबिबीला अरबी, फारसीबरोबर मराठी व कानडीहि येत असे. अंबर आला तें शहर असें बहुभाषी होतें.

मला त्याच्या ठिकाणीं मोठें वाटतें तें हें, कीं बगदादेंत शिकलेला हा माणूस ह्या मुलखाचा पुन्हां विद्यार्थी झाला. १६०० सालीं नगरचा किल्ला मोगलांच्या हातीं गेला. त्यानंतर त्यानें एका राजवंशीयास गादीवर बसवून बुडालेली निजामशाही आणखी सव्वीस वर्षें झुंजत ठेविली, ती मराठी घोडेस्वारांच्या जोरावर. खिंड कोठें अडवावी, रसद कोठें तोडावी, हें बगदादेंत कोण शिकविणार? १६२४ सालीं नगरजवळच्या भातवडीस त्यानें तलावाचें पाणी सोडून मोगल व विजापूरकर यांच्या छावणीची वाट चिखलांत बुडविली. त्या लढाईंत शहाजी राजे त्याच्या बाजूस होते. त्यांचे बंधु शरीफजी तेथेंच पडले.

शेतसाऱ्याची त्याची पद्धति ‘मलिकंबरी धारा’ म्हणून पुढेंहि ओळखली जाई. जमिनीचा कस व पीक पाहून सारा ठरवावयाचा, आणि गांवच्या पाटलाचा हक्क राखावयाचा. शेतकऱ्याच्या बांधावर उभें राहिल्यावांचून असला कारभार सुचत नाहीं.

१६१० सालीं त्यानें खडकी हें शहर वसविलें. तेंच पुढचें औरंगाबाद, आतांचें छत्रपति संभाजीनगर. डोंगराकडचें पाणी भुयारी नहरीनें त्यानें तेथें आणलें. ‘नहर’ हा शब्द अरबीच. पुष्कळ लोक म्हणतात, ही विद्या त्यानें बगदादेहून आणली. मला तें पटत नाहीं. कापूरवाडी, शेंडी, भिंगार येथून नगरांत पाणी आणणाऱ्या नहरी त्याच्या आधींच्या निजामशहांच्या काळच्या; ऐन तारुण्यांत ज्यानें ह्या शहराचें पाणी प्याला, त्याला नहर शोधावयास तैग्रीसकांठीं परत जाण्याचें काय कारण?

मात्र अरबी तो विसरला नाहीं. हद्रमौतचे सय्यद व पंडित त्याच्या आश्रयास येत, आणि सतराव्या शतकांतील हद्रमौती चरित्रकार अश्-शिल्ली यानें त्याचें चरित्र अरबींत लिहून ठेविलें. ज्या भाषेंत त्याला नवें नांव मिळालें, तिच्यांतच तें अरबस्तानास परत गेलें. १६२६ च्या मे महिन्यांत, ऐंशीच्या घरांत असतां, तो वारला. त्याची कबर खुलताबादेस आहे.

शेजारच्या मुलाला हें सारें सांगितलें, तेव्हां तो कांहीं वेळ गप्पच बसला. मग म्हणाला, "गुरुजी, भातवडी मीं अजून पाहिलीच नाहीं." पुढच्या सुटींत आम्ही दोघे तेथें जाणार आहों.