तळटीप १७ : आजींच्या डाव्या कुशीतला व्रण

नायगावच्या आजींचा हा व्रण हृदयाच्या मायट्रल झडपेच्या जुन्या, 'बंद' शस्त्रक्रियेचा. घशाच्या संसर्गानंतर येणाऱ्या संधिवाताच्या तापाने झडपेच्या पाकळ्या एकमेकींना चिकटतात. त्यामुळे रक्ताची वाट अरुंद होते आणि गरोदरपणात धाप असह्य होऊ शकते. सर्जन डाव्या बरगड्यांमधून शिरून, धडधडत्या हृदयाच्या डाव्या कर्णिकेत तर्जनी घालत आणि काहीही दिसत नसताना केवळ स्पर्शाने पाकळ्या सोडवत. केवढं धाडस! लंडनच्या हेन्री सूटर यांनी १९२५मध्ये हे प्रथम केलं. १९४८नंतर ते रुळलं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्र. कु. सेन हे या क्षेत्रातले अग्रणी. हार्ट-लंग मशीन आल्यावर छातीचं मधलं हाड कापून, झडप डोळ्यांनी पाहून दुरुस्त करता किंवा बदलता येऊ लागली. आता पाकळ्या फार कडक नसतील, तर मांडीतल्या शिरेतून नेलेला फुगाही पुरतो.